अमेरिकेत जुना ‘डिझेल पुशर’ घ्यावा का? इसार देण्याआधीची तपासणी

जुन्या लक्झरी मोटरहोमचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, दरवाजा उघडला की चकाकती फरशी, चेरीच्या लाकडाची कपाटं, चामड्याच्या खुर्च्या आणि भिंतीतली विजेची शेकोटी नजरेत भरते. गाडी विकली जाते ती याच गोष्टींवर. खिशाला चटका बसतो तो मात्र छपरावरच्या सांध्यांमुळे, फरशीखालच्या हवेच्या नळ्यांमुळे आणि पलंगाखालच्या इंजिनामुळे. म्हणून गाडी पाहण्याचा क्रम उलटा ठेवा. ज्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत त्या आधी करा आणि त्यांत गाडी टिकली तरच पैसे देऊन तपासणी करून घ्या. बहुतेक गाड्या पहिल्या दोन तासांतच बाद होतात, आणि तेच हवं असतं.

इथे आपण ३८ ते ४५ फूट लांबीच्या, मागे डिझेल इंजिन असलेल्या ‘क्लास ए’, म्हणजे बससारख्या मोठ्या, गाड्यांबद्दल बोलतोय. इंजिन मागून ढकलतं म्हणून त्यांना ‘डिझेल पुशर’ म्हणतात. न्यूमारची डच स्टार, टिफिनची अलेग्रो बस, एन्टेग्राची अँथम, फोरट्रॅव्हल किंवा प्रेव्होस्टच्या बसवर बांधलेली घरं ही या गटातली नावं. नवी घ्यायची तर यांतल्या बऱ्याच गाड्या पाच लाख डॉलरच्या पुढे जातात. आठ-दहा वर्षांत किंमत साधारण निम्म्यावर किंवा त्याखाली येते, म्हणूनच जुनी घेण्याचा मोह होतो. पण खरेदीची किंमत उतरते तसा देखभालीचा खर्च उतरत नाही. पाच लाखांच्या गाडीचे सुटे भाग दहा वर्षांनंतरही पाच लाखांच्या गाडीचेच असतात.

आधी वहीत हिशेब

उदाहरणादाखल दहा वर्षं जुनी, १,८०,००० डॉलरची गाडी धरू. वर्षाला किंमत उतरणार सुमारे १५,००० डॉलर. विमा २,५००, छताखाली उभी करण्याचं भाडं महिना ३०० प्रमाणे ३,६००, इंजिन, चेसिस (घराखालचा चाकांसकटचा सांगाडा) आणि जनरेटरची सर्व्हिस २,५००, टायरसाठी दरवर्षी बाजूला ठेवायचे ७००, अचानक निघणाऱ्या दुरुस्त्यांसाठी ५,०००. बेरीज २९,३००, आणि यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही. वर्षाला तीस रात्री वापरलीत तर एक रात्र जवळपास एक हजार डॉलरला पडते. एकशे वीस रात्री वापरलीत तर अडीचशेच्या आत येते. डिझेल वेगळं. अशी गाडी गॅलनला ६ ते ९ मैल देते, म्हणजे साडेसात मैलांच्या सरासरीने दोन हजार मैलांच्या सहलीला सुमारे २६७ गॅलन लागतात.

दोघं नोकरीत, मुलं शाळेत आणि हाताशी दोन-तीन आठवड्यांची रजा असेल तर आमचं स्पष्ट मत आहे की विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. निवृत्ती जवळ आली असेल, किंवा घरून काम करत महिनोन् महिने फिरायचं असेल, तर पुढे वाचा. तरीही खरेदीआधी त्याच लांबीची गाडी एक आठवडा भाड्याने चालवा. ४० फुटांची गाडी पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावरून वळवताना मागचा भाग किती बाहेर झोकतो, ते वाचून कळत नाही.

लांबीचा प्रश्न रस्त्यावर येतो तसा मुक्कामाच्या जागीही येतो. राष्ट्रीय उद्यानांमधले बरेच कॅम्पग्राउंड लहान गाड्यांच्या काळात आखलेले आहेत. योसेमिटीच्या अप्पर पाइन्समध्ये ३५ फुटांपर्यंतच्याच गाड्या मावतात. ग्लेशियरमधल्या ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद वाहनाला बंदी आहे. तुमची गाडी आरसे सोडूनच साडेआठ फूट रुंद असणार. त्यामुळे मागे बांधून न्यायची छोटी कार ही चैन राहत नाही, गरज होते. तिचा टोबार (मागे जोडण्याचा दांडा), तिचे पूरक ब्रेक आणि बसवण्याची मजुरी हेही हिशेबात धरा.

परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात ४० फुटांहून लांब मोटरहोमला बिगर-व्यावसायिक क्लास बी परवाना लागतो. टेक्ससमध्ये २६,००० पौंडांच्या वर गेलात की क्लास बी. या वर्गातल्या बहुतेक गाड्या त्या वजनापलीकडे असतात. घराच्या वसाहतीत गाडी उभी करू देतात का, हेही लेखी विचारून घ्या.

कोण बसणार, काय शिजणार

जाहिरातीत ‘सहा जण झोपतात’ असं लिहिलेलं असतं. सीटबेल्ट किती, ते मोजा. अनेक महागड्या गाड्यांत झोपायला सहा जागा आणि बेल्ट चारच असतात. भारतातून आई-बाबा चार-पाच महिन्यांसाठी येणार आणि त्यांना घेऊन फिरायचं, हा बेत असेल तर गाडी इथेच बाद होऊ शकते. कॅप्टन खुर्च्यांमागच्या सोफ्यावर कमरेचे बेल्ट आहेत की खांद्यावरून येणारे, तेही पाहा. दाराच्या पायऱ्या उंच असतात. वयस्कर माणसाला त्या स्वतः चढून-उतरून पाहू द्या. रात्री पलंगापासून संडासापर्यंत जाताना स्लाइड (भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग) बंद असली तर वाट उरते का, हेही बघा.

आपल्या स्वयंपाकासाठी दोन मोजमापं घ्या. शेगडी आणि वरचा मायक्रोवेव्ह यांच्यात तुमचा कुकर शिटीसकट मावतो का? आणि गाडीत गॅस नसून घरातलं सगळं विजेवर चालणारं असेल तर शेगडी इंडक्शनची असणार, त्यावर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. फोडणीचा धूर बऱ्याच गाड्यांत बाहेर जातच नाही. मायक्रोवेव्हखालचा पंखा तो गाळून परत आत सोडतो. छतावरचा पंखा स्वयंपाकघराच्या किती जवळ आहे ते पाहा, नाहीतर मोहरीचा वास पडद्यांत आणि छताच्या कापडात मुरतो.

साल आणि सांगाडा

या बाजारात तीन सालं लक्षात ठेवायची. २००७ पासून डिझेल इंजिनांना काजळी गाळणारा फिल्टर आला. २०१० च्या नियमांनंतर डीईएफ आलं, म्हणजे ३२.५ टक्के युरिया असलेलं द्रव, जे वेगळ्या टाकीत भरावं लागतं. आणि २००९ मध्ये फ्लीटवुड, मोनॅको आणि कंट्री कोच या तिन्ही कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. त्यांच्या आधीच्या गाड्या वाईट नव्हत्या, कंट्री कोचची बांधणी तर आजही वाखाणली जाते. पण काचा, दिव्यांची घरं, दारांच्या चौकटी आणि छापील सर्किट यांसारखे खास त्या गाडीसाठी बनवलेले भाग शोधत फिरावं लागतं.

डीईएफच्या गाड्यांत टाकीतला सेन्सर हा नेहमीचा दुखरा भाग आहे. तो बिघडला की संगणक इंजिनाची ताकद टप्प्याटप्प्याने कमी करतो आणि शेवटी गाडी ताशी पाच मैलांवर आणून ठेवतो. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या गाडीत जुनं डीईएफ स्फटिक धरतं. टाकीच्या तोंडाशी पांढरे खडे दिसले तर टाकी आणि सेन्सरच्या खर्चाची नोंद करा. २००७ च्या आधीच्या कमिन्स किंवा कॅटरपिलर इंजिनांत हे झंझट नाही. कॅटरपिलरने मात्र २०१० च्या नियमांच्या सुमारास रस्त्यावरच्या ट्रकांसाठी इंजिनं बनवणं थांबवलं, त्यामुळे जवळपास त्यावर काम करणारं गॅरेज आहे ना, याची खात्री करून घ्या.

चेसिस फ्रेटलायनरची असो वा स्पार्टनची, दोन्ही चालतात. जास्त फरक पाडतो तो रेडिएटर. तो मागे असेल तर इंजिनाच्या श्वासनळीतून येणारं तेलकट धुकं पंख्याने ओढलं जातं आणि धूळ मिसळून रेडिएटरच्या इंजिनाकडच्या बाजूला नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि गाडी चढावर तापते. पलंगाखालचं झाकण उघडा आणि वरून टॉर्च मारून आतली बाजू पाहा. थर असला तर ग्रीस काढणाऱ्या द्रवाने धुऊन निघतो. पण तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जाण्याआधी फोनवर

विक्रेत्याकडून चार फोटो मागवा. प्रत्येक टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, जनरेटरचा तासांचा मीटर, ड्रायव्हरजवळची वजनाची पट्टी आणि टायटलची, म्हणजे मालकीच्या कागदाची, पहिली बाजू. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, घेऊन एनएचटीएसए या सरकारी रस्ते-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर चेसिस आणि घर या दोन्हींचे रिकॉल तपासा. मोटरहोमचे बनवणारे दोन असतात, रिकॉलही दोन्हीकडून येतात. टायटलवर ‘सॅल्व्हेज’ (मोडीत काढलेली) किंवा पूर आल्याचा शेरा आहे का, बँकेचा बोजा आहे का, आणि टायटल कोणकोणत्या राज्यांतून फिरलं, हेही बघा. २०२२ च्या इयन वादळानंतर फ्लोरिडातून बाहेर पडलेल्या गाड्यांबाबत जास्त सावध राहा. खाऱ्या पाण्यात बुडालेली वायरिंग वर्षभराने बोलायला लागते.

शेवटी दोन गोष्टी बजावून सांगा. आम्ही पोचण्याआधी इंजिन आणि जनरेटर सुरू करू नका. आणि गाडी हिवाळ्यासाठी बंद केली असेल, म्हणजे नळांत गुलाबी अँटीफ्रीझ असेल, तर ते काढून पाणी भरून ठेवा. पाणी न भरता पाहिलेल्या गाडीचे फुटलेले पाइप वसंतात सापडतात, आणि तोवर ती तुमच्या नावावर झालेली असते.

छप्पर आणि भिंती: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

इंजिन बदलता येतं, टायर बदलता येतात. भिंतीत मुरलेलं पाणी काढता येत नाही. मोटरहोमची भिंत म्हणजे बाहेर फायबरग्लास, मधे फोम आणि प्लायवूड, आत पातळ पॅनेल, सगळं डिंकाने चिकटवलेलं. पाणी आत शिरलं की डिंक सुटतो आणि फायबरग्लास फुगतो. ऊन तिरकं असताना भिंतीला डोळा लावून लांबीभर पाहा. फुगवटा लाटेसारखा दिसतो. बोटांच्या पेरांनी ठोका. घट्ट भिंतीचा आवाज भरीव येतो, सुटलेलीचा पोकळ. एका पॅनेलची दुरुस्ती सहज पाच आकड्यांत जाते, म्हणून फुगवटा दिसला तर किंमत पाडून घेण्याच्या भानगडीत पडू नका. परत निघा.

परवानगी घेऊन छपरावर चढा. पुढच्या आणि मागच्या टोपीचे (गाडीच्या दोन टोकांच्या साच्यातल्या तुकड्यांचे) सांधे, छताच्या कडेची पट्टी, एसीभोवती, पंख्यांभोवती आणि शिडी जिथे बसवली आहे तिथलं सीलंट पाहा. भेगा पडलेलं सीलंट खरवडून नवं लावणं हे एका शनिवारचं काम आहे आणि सीलंटच्या काही नळ्यांचा खर्च. पण पायाखाली छप्पर दबलं तर खालचं प्लायवूड कुजलंय. पंधरा थरांचं ताजं सीलंट एकाच कोपऱ्यात दिसलं तर तिथे आतून नक्की पाहा.

आत आल्यावर चाळीस डॉलरचा सुया असलेला ओलावामापक वापरा. वरच्या कपाटांचे आतले कोपरे, एसीच्या चौकटीभोवतीचं छत, खिडक्यांखालची जागा, स्नानगृहाच्या छताची खिडकी आणि स्लाइडच्या तळाचे दोन्ही कोपरे. लाकडात १५ टक्क्यांच्या वर आकडा गेला की त्याच भिंतीवर दुसऱ्या कोरड्या जागी मोजून तुलना करा. तपकिरी कडा असलेला डाग, सुटलेला वॉलपेपर, नवं वॉलपेपर एकाच भिंतीवर, किंवा दार उघडताच येणारा सुगंधी फवाऱ्याचा दाट वास, हे सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात. फवारा मारलेला असेल तर सगळ्या खिडक्या बंद करून तासाभराने परत आत या. कुबट वास फवाऱ्याला मागे टाकतो.

खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांतून किंवा स्लाइडच्या चौकटीतून रंगाला तिरप्या भेगा गेल्या असतील तर सांगाडा पिळतोय. एखादी केसाइतकी भेग चालेल. दोन्ही बाजूंना सारख्या ठिकाणी भेगा असतील तर नाही.

टायर आणि वजन

डीओटीचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजून मरत नाहीत, वयाने मरतात. खाच नवी कोरी दिसते आणि बाजूच्या रबराला बारीक तडे गेलेले असतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासावेत आणि सात वर्षांच्या आसपास बदलावेत. पुढचे तर त्याआधीच, कारण पुढचा टायर ताशी साठ मैलांवर फुटला तर तीस हजार पौंडांची गाडी हातात राहत नाही. सहा टायर बदलायला चार हजार डॉलर सहज लागतात, टॅग ॲक्सल (मागचा जादा ॲक्सल) असेल तर आठ टायर. ही रक्कम सौद्यात सरळ वजा होते, आणि कोणताही समंजस विक्रेता त्यावर वाद घालत नाही.

आता वजनाची पट्टी. तिच्यावर प्रवासी आणि सामान मिळून किती पौंड चालतील तो आकडा असतो. समजा तो २,८०० आहे. चार माणसांचे ६०० गेले. शंभर गॅलन पाणी भरलं की ८३४ गेले, कारण गॅलनभर पाण्याचं वजन ८.३४ पौंड. उरले १,३६६. कपडे, भांडी, धान्य, खुर्च्या, अवजारं, सायकली यांत ते संपतात. काही आलिशान गाड्या दगडी ओटे आणि फरशीमुळे कारखान्यातून निघतानाच जवळपास भरलेल्या असतात. शक्य असेल तर चाचणी फेरीत महामार्गावरच्या ट्रक थांब्यावरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, जा. वीसेक डॉलरमध्ये प्रत्येक ॲक्सलचं वजन कागदावर मिळतं. ते ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहा, एकूण मर्यादेशी ताडून भागत नाही.

हवा, ब्रेक आणि गाडीची खालची बाजू

गाडीखाली जाण्याआधी एक सक्त नियम. फक्त सस्पेन्शनच्या हवेच्या फुग्यांवर किंवा हायड्रॉलिक जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही सरकू नका. एक नळी सुटली तर सांगाडा एका क्षणात खाली येतो, आणि असे जीव गेलेले आहेत. खालून पाहायचं असेल तर खड्डा किंवा ट्रकची लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये पाहा. बाकी टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा पुरतो.

या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. त्या हवेची चाचणी सपाट जागी, चाकांना ओंडके लावून करा. इंजिन चालू ठेवून दाब १२० ते १३० पीएसआयपर्यंत जाऊ द्या, इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा आणि एक मिनिट घड्याळ लावा. दाब २ पीएसआयहून जास्त उतरता कामा नये. मग ब्रेकचं पेडल पूर्ण दाबून आणखी एक मिनिट थांबा. इथे ३ पर्यंत चालतं. नंतर पेडल पुन्हा पुन्हा दाबत दाब उतरवा. ६० च्या आसपास धोक्याचा भोंगा वाजला पाहिजे आणि ४५ ते २० च्या दरम्यान पार्किंग ब्रेकचं बटन आपोआप बाहेर आलं पाहिजे. शेवटी हवेच्या टाक्यांच्या निचऱ्याच्या झडपा ओढा. पाणी आलं तर हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचं काडतूस संपलंय, हा किरकोळ खर्च. तेल आलं तर कंप्रेसर झिजलाय.

रात्रभरात गाडी थोडी बसणं साधं आहे. पण काही तासांत एकच कोपरा झुकला तर तिथला फुगा किंवा झडप गळते. उत्तरेकडच्या, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतल्या गाडीची चौकट, ब्रेकच्या नळ्या आणि टाक्यांच्या पट्ट्या नीट पाहा. वरवरचा तांबूस गंज खरवडून जातो. पापुद्रे सुटणारा गंज जात नाही.

स्लाइड, वीज, पाणी

प्रत्येक स्लाइड तीनदा आत-बाहेर करा. सरळ जाते का, दोन्ही टोकं एकाच वेळी टेकतात का, मोटर कण्हते का. हायड्रॉलिक असेल तर पंपाभोवती लाल तेल शोधा. आधी गाडी समतल करायची की आधी स्लाइड बाहेर काढायची, हे त्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच करा.

या गाड्यांना ५० अँपिअरची जोडणी असते, म्हणजे १२,००० वॅट. विक्रेत्याच्या घरच्या साध्या सॉकेटवर तिन्ही एसी एकदम चालवून पाहता येत नाहीत. म्हणून जनरेटर थंड असताना सुरू करा आणि सगळे एसी आणि मायक्रोवेव्ह लावून अर्धा तास चालवा. साध्या प्लग मीटरवर व्होल्टेज ११५ ते १२५ आणि वारंवारता ६० च्या जवळ राहिली पाहिजे. एसीच्या आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजा. १६ ते २२ फॅरनहाइट अंशांचा फरक ठीक. जनरेटरचे तास फार कमी असणं ही चांगली बातमी नाही. जनरेटर बनवणारी ओनान कंपनी तो महिन्यातून दोन तास निम्म्या भारावर चालवायला सांगते. दहा वर्षांत जेमतेम शंभर तास झाले असतील तर तो नुसता पडून राहिलाय, आणि पडून राहिलेलं डिझेल इंधनाच्या वाटा चोंदवतं.

बॅटऱ्या काही तास चार्जरविना ठेवून मोजा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी. मग इन्व्हर्टरवर पाच मिनिटं मायक्रोवेव्ह चालवा. आकडा झपाट्याने ११.५ च्या खाली गेला तर संच बदलायला आला.

गॅसवर चालणारा जुना फ्रीज असेल तर बाहेरचं झाकण काढून मागे पाहा. पिवळी पूड दिसली तर आतलं द्रव गळलंय, आणि तो फ्रीज पेटण्याचा धोका असतो. नॉरकोल्डच्या १२०० मालिकेचे रिकॉल याच आगीच्या धोक्यापायी झाले, तेव्हा त्याची दुरुस्ती झाल्याची पावती मागा. गरम पाण्यासाठी ॲक्वा-हॉट असेल तर ती पूर्ण थंड असताना डिझेलवर पेटवून पाहा. सतत पांढरा धूर किंवा धडधड असेल तर बर्नरचं काम आहे. दरवर्षी नोझल आणि इंधनाचा फिल्टर बदलल्याच्या नोंदी नसतील तर सावध व्हा. ही यंत्रणा नवी बसवायची म्हणजे दहा हजारांच्या पुढचा मामला.

पाण्याची चाचणी सोपी आहे. टाकी भरा, पंप लावा, सगळे नळ बंद करा आणि दहा मिनिटं शांत बसा. पंप मधेच गुरगुरला तर कुठेतरी गळतंय. गॅस आणि धुराच्या अलार्मवरची मुदत वाचा, आणि अग्निशामकाचं हँडल प्लास्टिकचं किड्डे कंपनीचं असेल तर ते २०१७ च्या मोठ्या रिकॉलमधलं आहे का ते ताडा.

रस्त्यावर

थंड इंजिन काही सेकंदांत सुरू झालं पाहिजे. सुरुवातीचा पांढरा धूर विरतो. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय, आणि काळा धूर इंजिन गरम झाल्यावरही राहिला तर हवेचा किंवा इंजेक्टरचा दोष आहे. किमान पाऊण तास चालवा आणि त्यात महामार्ग व एक लांब चढ असू द्या. सपाटीवर कूलंट १८५ ते २०५ फॅरनहाइटच्या दरम्यान राहतं. चढावर २२० कडे सरकू लागलं तर थांबा आणि रेडिएटर आठवा. ॲलिसन गिअरबॉक्सने धक्का न देता गिअर बदलले पाहिजेत. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग कमी करणारा) लावून पाहा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकं सोडा. गाडी सतत एकीकडे ओढत असेल तर पुढच्या टायरची झीज पाहिल्यावर कारण कळेल. या सगळ्यात रेडिओ बंद ठेवा.

आता पैसे खर्च करा

इथवर गाडी टिकली असेल तर लेखी प्रस्ताव द्या. त्यात ‘तपासणी समाधानकारक नसल्यास इसार परत’ हे वाक्य हवंच. मग एनआरव्हीआयए या मोटरहोम-निरीक्षकांच्या संघटनेचा प्रमाणित निरीक्षक स्वतः नेमा. डीलरने सुचवलेला नको. सविस्तर तपासणीला हजार ते दोन हजार डॉलर लागतात. इंजिन, गिअरबॉक्स आणि जनरेटरच्या तेलाचे आणि कूलंटचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. तेलात सोडियम किंवा पोटॅशियम दिसलं तर कूलंट आत शिरतंय. तांबं आणि शिसं एकत्र वाढलं तर बेअरिंग. सिलिकॉन आणि लोखंड एकत्र वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ आत जातेय. नुकतंच तेल बदललं असेल तर अहवालाला अर्थ राहत नाही. ते कधी बदललं, हे आधीच विचारा. कमिन्सच्या किंवा चेसिसच्या गॅरेजमध्ये संगणकातले जुने दोष, इंजिनाचे तास आणि तापण्याच्या नोंदी काढून घ्या.

अहवालातल्या दुरुस्त्यांची किंमत गॅरेजकडून लेखी घ्या आणि ती यादी समोर ठेवूनच घासाघीस करा. जे.डी. पॉवर कंपनीच्या दरसूचीतले भाव सुरुवात म्हणून पाहा, पण त्याच मॉडेलच्या तीन-चार गाड्या प्रत्यक्षात कितीला गेल्या ते जास्त बोलकं असतं. भिंतीतली ओल, सांगाड्यावरचा पापुद्रे सुटणारा गंज, तेलातलं कूलंट आणि टायटलवरचा पुराचा शेरा, या चार बाबतींत कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

कर्ज देणाऱ्या बऱ्याच संस्था दहा-पंधरा वर्षांपेक्षा जुन्या गाडीला हात लावत नाहीत, त्यामुळे मंजुरी आधी घ्या. गाडीत झोपण्याची, शिजवण्याची आणि शौचाची सोय असेल तर ती करासाठी दुसरं घर ठरू शकते आणि कर्जाचं व्याज वजावटीत येऊ शकतं. अर्थात तुम्ही वजावटींची तपशीलवार यादी भरत असाल तरच. विक्रीकर वाचवण्यासाठी मोंटानात कंपनी काढून नोंदणी करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. आपल्या राज्यात राहून तसं करणाऱ्यांच्या मागे राज्यं लागतात, कर आणि दंड दोन्ही वसूल करतात. त्या वाटेला जाऊ नका.

खासगी विक्रेत्याच्या टायटलवर बोजा असेल तर पैसे थेट त्याच्या हातात देऊ नका. बँकेत दोघं मिळून जा किंवा एस्क्रो (सौदा पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवण्याची सोय) वापरा. विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या आणि तो गाडी हलवण्याआधी सुरू झालेला असू द्या. डीलर गळ्यात मारत असलेला सर्व्हिस करार सही करण्याआधी घरी आणून वाचा, विशेषतः कशाकशाला संरक्षण नाही ते पान. बऱ्याच करारांत गळती, सीलंट आणि झीज वगळलेली असतात.

ताबा घेताना दोन्ही पुस्तिका, सगळ्या पावत्या, खालच्या प्रत्येक कप्प्याच्या किल्ल्या आणि वायरिंगचे नकाशे मोजून घ्या. खरेदीच्या किमतीच्या १० ते १५ टक्के रक्कम बँकेत तशीच राहू द्या. पहिल्या महिन्यात इंजिनाचं तेल, इंधनाचे आणि हवेचे फिल्टर, ड्रायरचं काडतूस आणि सगळे पट्टे नोंदी असल्या तरी बदला, आणि भरलेल्या गाडीचं चारही कोपऱ्यांचं वजन घेऊन टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे हवा भरा.